आतड्याच्या ऑपरेशननंतर तोंडाने खाणं-पिणं कधी सुरू करायचं?

सिस्टर_यवतमाळ
आमचा ट्रस्टचा लहान दवाखाना आहे. टायफॉइडने आतडं फुटलेले, पीळ पडलेले, गाठ काढलेले पेशंट येतात. नवे सर्जन दुसऱ्याच दिवशी पाणी आणि पेज लिहून देतात. नातेवाईक ऐकत नाहीत: "वारा सरला नाई, अन् खायाले कायले देता?" जुना स्टाफही बिचकतो. आतड्याचा शिवलेला जोड सुटणार नाही ना? सुरुवात कशाने, किती? कोणत्या लक्षणावर थांबायचं? दवाखान्यात किचन नाही, डबा घरूनच येतो.

सर्जन_वर्धा
सिस्टर, तुमचे सर्जन बरोबर सांगतात. पेशंट उपाशी असला तरी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस मिळून रोज काही लिटर पाणी आतड्यात उतरतंच. म्हणजे उपाशी ठेवून जोड कोरडा राहत नाही. लहान आतडं काही तासांत हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन-तीन. वारा सरणं ही सगळ्यात शेवटची खूण आहे, तिची वाट पाहत बसलं तर पेशंटचे दोन-तीन दिवस फुकट जातात. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात ही जुनी रीत मोडून दाखवली. पहिल्या २४ तासांत खाणं सुरू केल्याने जोड सुटण्याचं प्रमाण वाढत नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

ठरवून केलेलं ऑपरेशन असेल, तर पूर्ण शुद्धीवर आल्यावर उशाकडून उचलून बसवा आणि ३० ते ५० मिली पाणी घोटाघोटाने द्या. अर्ध्या-एक तासाने पुन्हा. मळमळ नसेल तर दुसऱ्या दिवशी पातळ पेज, मग मऊ भात-वरण. बळजबरी करू नका, पण भूक लागली असेल तर अडवूही नका.

फुटलेल्या आतड्याचा पेशंट वेगळा. बीपी टिकवायला नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चढ्या डोसवर चालू असेल, पोट फुगत असेल किंवा नाकातल्या नळीतून हिरवं पाणी भरपूर येत असेल, तर थांबा. बीपी स्थिर झालं की थोड्याने सुरू करता येतं.

थांबायची लक्षणं: वारंवार उलटी, पोट ताणत जाणं, उचकी न थांबणं. यात तोंडाने बंद करून डॉक्टरांना बोलवा, नळीचा निर्णय ते घेतील. तिसऱ्या ते सातव्या दिवसात नाडी १०० च्या वर राहते, ताप येतो, पोट दुखू लागतं, पेशंट बेचैन दिसतो, तर जोड सुटल्याचा संशय धरा. त्याचा दोष पेजेला देऊ नका आणि 'बघू उद्या' म्हणू नका.

आतडं सुस्त राहायची खरी कारणं बहुधा आपल्याच हातातली असतात: गरजेपेक्षा जास्त सलाईन (आतड्याला सूज येते), ट्रामाडॉल-पेंटाझोसिनसारख्या कडक वेदनाशामकांचा मारा, कमी पोटॅशियम, आणि दिवसभर आडवं पडणं. पॅरासिटामॉल नियमित द्या. पहिल्या दिवशी खुर्चीत बसवा, दुसऱ्या दिवशी वऱ्हांड्यात चालवा.

आहारतज्ज्ञ_नागपूर
डब्याबद्दल बोलते. ५० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. घरून येतो तो साबुदाणा, बिस्किटं आणि ग्लुकोज पावडरचं पाणी. टाके भरायला त्यातून काहीच मिळत नाही, वर गोड पाण्याने पोट फुगतं. सोडा तर नकोच.

भाताच्या पेजेत मुगाच्या डाळीचं घोटलेलं वरण घालायला सांगा. ३० ग्रॅम कच्च्या डाळीत साधारण ७ ग्रॅम प्रथिनं, एका अंड्यात ६, कपभर दुधात ८. ताजं दही सोसतं. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. दर दोन तासांनी अर्धी वाटी. तीन वेळचं भरपेट ताट नको. पहिल्या आठवड्यात भिवापुरी तिखट, तर्री, अंबाडीची भाजी, शेंगदाणे बाजूला ठेवा.

सिस्टर_यवतमाळ
मॅडम, एक पेशंट ऑपरेशनआधीच आठ-दहा दिवस जवळजवळ उपाशी होता, वजन ४० किलो. त्यालाही हेच?

आहारतज्ज्ञ_नागपूर
नाही सिस्टर, इथे फार जपा. उपाशी शरीराला अचानक साखर मिळाली की फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात. हृदयाची लय बिघडते, धाप लागते, पाय सुजतात, माणूस बरळतो. खाणं किंवा डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) सुरू करण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्यायला डॉक्टरांना सांगा. पहिल्या दिवशी किलोमागे १० कॅलरी, म्हणजे ४००, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढ. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत सुमारे ८५ कॅलरी असतात, त्याही याच हिशेबात धरा. पोटॅशियम आणि फॉस्फरस रोज तपासा. फॉस्फरस तिथे होत नसेल तर नमुना जिल्ह्याला पाठवा, पण थायमिन त्या रिपोर्टसाठी अडवू नका.

सर्जन_वर्धा
दोन गोष्टी राहिल्या. आपल्या भागात सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) बरंच आहे. अशा पेशंटच्या अंगातलं पाणी कमी पडता कामा नये, म्हणून तोंडाने किती जातंय ते मोजल्याशिवाय सलाईन काढू नका. दुसरं, लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं असेल आणि पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर येत असेल, तर नुसतं पाणी आणि चहा वाढवल्याने उलट जास्त वाहतं. ओआरएसचं पाकीट बरोबर एक लिटरात कालवून घोट-घोट द्या, आणि संत्र्याची साल-पापुद्रे, मका, शेंगदाणे पहिले सहा आठवडे टाळा. पिशवी रिकामी करताना दर वेळी मिलीत लिहा.