चौघांचा बँड, करार करायचाय: बीटल्सचं नेमकं कुठे बिनसलं?

दादर_डिस्टॉर्शन:
चौघांच्या रॉक बँडचा मसुदा लिहितोय. दोघं गाणी करतात, दोघं फक्त वाजवतात. लेननची बायको योको हिच्यामुळे बीटल्स फुटले हे पुराण नको. पैसे आणि सह्या यांत काय चुकलं, आणि त्यातलं आपल्या कागदात काय घ्यावं?

खातेवही:
एप्रिल १९६७ पासून बघा. तेव्हा बीटल्सच्या चौघांनी (लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन, स्टार) दहा वर्षांची भागीदारी केली. ८० टक्के चौघांच्या कंपनीकडे, बाकी प्रत्येकी ५. गाणी लिहिण्याचे पैसे वगळता सगळी कमाई एका गल्ल्यात, सोलो रेकॉर्डचीसुद्धा. ऑगस्टमध्ये मॅनेजर ब्रायन एपस्टाइन गेला आणि हिशेबावर कोणाचा हात राहिला नाही. १९६९ मध्ये तिघांनी ॲलन क्लाइनला मॅनेजर नेमलं. मॅकार्टनीला सासरे ली ईस्टमन हवे होते, त्याने सही केलीच नाही. तोवर सगळं एकमताने चालायचं, इथे पहिल्यांदा बहुमत लादलं गेलं. माझ्या मते बँड तिथेच संपला.

सप्टेंबरमध्ये लेननने ‘मी सोडतोय’ सांगितलं, पण ते बाहेर फुटू दिलं नाही. मॅकार्टनी सोडतोय ही बातमी आली एप्रिल १९७० मध्ये. भागीदारीची मुदत बाकी, म्हणून कोर्ट: मॅकार्टनीचा दावा ३१ डिसेंबर १९७०, रिसीव्हर (कोर्टाने हिशेब सांभाळायला नेमलेला माणूस) मार्च १९७१, कायदेशीर शेवट जानेवारी १९७५.

तेव्हा मॅनेजर नेमायला चारही सह्या हव्यातच, आणि सोलो काम गल्ल्याबाहेर.

कॅपो_तिसरा_फ्रेट:
हॅरिसन राहिला की! नॉर्दर्न साँग्ज ही प्रकाशन कंपनी १९६५ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा लेनन आणि मॅकार्टनीकडे १५-१५ टक्के, हॅरिसन आणि स्टार दोघांत मिळून १.६. पुढे १९६९ मध्ये प्रकाशक डिक जेम्सने आपला वाटा परस्पर एटीव्ही या ब्रिटिश टीव्ही कंपनीला विकला, ज्यांची गाणी त्यांना कळलं नंतर. म्हणून ‘विकायचं तर आधी आतल्यांना विचारायचं’ हे कलम घालाच.

तुमच्याकडे दोघं लिहिणारे आहेत, तेव्हा भांडण इथेच होणार. गाण्याचे हक्क (शब्द, चाल) आणि रेकॉर्डिंगचे हक्क यांचे रकाने वेगळे ठेवा. रेकॉर्डिंग चौघांत समान, गाणं लिहिणाऱ्यांचं. बेसवाल्याने रिफ (गाण्यात परत परत येणारा सुरांचा तुकडा) दिला तर तो चालीत धरायचा की वाजवण्यात, हे आधीच ठरवा. गाणं पक्कं झालं की त्याच दिवशी टक्के लिहून चौघांच्या सह्या घ्या. सहा महिन्यांनी रिफ कोणाचा होता हे कोणालाच आठवत नाही, सगळ्यांना आपलाच वाटतो.

फोर्टची_फेरी:
सगळं कागदावर नका ढकलू. जानेवारी १९६९ मध्ये लंडनमधल्या ट्विकनहॅमच्या थंडगार फिल्म स्टुडिओत, सकाळी सकाळी, कॅमेऱ्यासमोर तालीम लावली. १० तारखेला हॅरिसन निघून गेला. पुढे सॅव्हिल रोवरच्या आपल्या ऑफिसच्या तळघरात हलले, बिली प्रेस्टन इलेक्ट्रिक पियानोवर आला, मग जरा माणसात आले.

याच हॅरिसनने वर्षभर आधी आपल्या फोर्टमधल्या एचएमव्ही स्टुडिओत काम केलं होतं. इथे फक्त मोनो (एकाच ट्रॅकचं) रेकॉर्डिंग यंत्र, टू-ट्रॅक कलकत्त्याहून आणवलं. टॅक्सीचे आवाज आत येत. साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या धडधडीमुळे रेकॉर्डिंग थांबायचं. तरी त्याच्या ‘द इनर लाइट’ गाण्याचं वाद्यसंगीत तिथेच झालं, हरिप्रसाद चौरसिया वाजवायला. थोडक्यात, तालमीच्या खोलीत कॅमेरा नको. वेळ चौघांच्या सोयीची हवी.

दादर_डिस्टॉर्शन:
मुदत न लिहिता सोडलं तर? आणि नाव कोणाचं?

खातेवही:
तसं नका करू. भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे मुदत नसेल तर एकाने लेखी नोटीस दिली की अख्खी भागीदारी मोडते. एक गेला तरी उरलेले चालू ठेवतील, असं स्पष्ट लिहा. गेलेल्याचा हिशेब किती दिवसांत द्यायचा तेही. ९० दिवस ठीक. नफ्याचे टक्के लिहिले नाहीत तर कायदा समान धरतो. फर्मची नोंदणी करून घ्या, नाहीतर करारावरून एकमेकांवर दावाच लावता येत नाही.

नाव फर्मच्या नावे ट्रेडमार्क करा, वर्ग ४१ (करमणूक). टी-शर्ट विकणार असाल तर २५ पण. एकट्याच्या नावावर नोंदणी झाली की तो ड्रमर असला तरी कागदोपत्री मालक तोच.