फ्यूजनच्या टाइल तपासायला व्हॅक्यूम चेंबर: सल्ला हवा

भोसरीकर:
मंडळी, टंगस्टनच्या टाइल तांब्याच्या मिश्रधातूवर ब्रेझ करून (मध्ये दुसरा धातू वितळवून जोडून) पुन्हापुन्हा तापवायच्या नि सांधा किती टिकतो ते बघायचंय. फ्यूजन, म्हणजे अणुसंमीलनाच्या यंत्रात सगळ्यात जास्त उष्णता झेलणारा भाग असतो, डायव्हर्टर; त्यात असतात तशाच, फक्त लहान. ५०० मिमी व्यासाचं चेंबर करून घेतोय. स्टील कुठलं, पंप कुठला? बजेट तोकडं आहे.

उणे_सहा:
३०४एल स्टेनलेस घ्या, ६ मिमी जाडी पुरे. दार मात्र २० मिमीच्या खाली नको, त्यावर हवेचा जवळपास २ टन भार येतो. वेल्डिंग टिग (टंगस्टन इलेक्ट्रोड, आरगॉन वायूत), आतून सलग, बाहेरून तुटक. दोन्हीकडून सलग मारलं की मध्ये हवा अडकते, आत झिरपत राहते आणि हीलियम लीक डिटेक्टरला दिसतही नाही. आरपार नसलेल्या आट्यांच्या भोकांचंही तेच, तिथे मधून भोक असलेले स्क्रू लावा. पितळ किंवा झिंक प्लेटिंगचे बोल्ट आत नकोतच. तापले की जस्त उडून सगळीकडे बसतं.

कॉपर_गॅस्केट:
पंपावर पैसे उधळू नका. तुम्हाला १० चा उणे ६ वा घात मिलिबार म्हणजे डोक्यावरून पाणी. टर्बो पंप (वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा) आणि त्याच्या मागे ड्राय स्क्रोल, म्हणजे बिनतेलाचा पंप. तेलाचा रोटरी पंपच परवडत असेल तर तेलाच्या वाफेसाठी ट्रॅप हवाच. दाराला व्हायटनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) ओ-रिंग, बाकी पोर्टना कॉपर गॅस्केट. उघडताना कोरडा नायट्रोजन सोडा. पावसाळ्यात भोसरीची हवा आत घेतलीत तर पुढे नुसतं पाणी ओढत बसाल.

भोसरीकर:
दाब एका जागी अडकला तर लीक की ओलावा, ओळखायचं कसं?

कॉपर_गॅस्केट:
पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दर मिनिटाला गेज लिहा. एकाच वेगाने चढत राहिला तर लीक. चढता चढता मंदावला तर ओलावा, मग १५० अंशाला बेक करा. व्हायटन तेवढं सोसतं.

उणे_सहा:
तापवणार कशाने? इलेक्ट्रॉन गन असेल तर टंगस्टनवर आदळून एक्स-रे निघतात, म्हणजे शिल्डिंग आलं, एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) आलं. इटरच्या (फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पाच्या) डायव्हर्टरसारखे चौरस मीटरला १० मेगावॅट हवे असतील तर चेंबरची ऑर्डर देण्याआधी गांधीनगरच्या आयपीआरला (प्लाझ्मा संशोधन संस्थेला) विचारा. त्यांच्याकडे २०० किलोवॅटची गन आहे.

भोसरीकर:
गन नाही, इंडक्शन, म्हणजे कॉइलमधल्या विजेने तापवणं.

उणे_सहा:
मग ठीक. कॉइलच्या पाण्याचे सांधे चेंबरच्या बाहेर ठेवा. आणि दाब १० चा उणे ४ था घात मिलिबारच्या खाली गेल्याशिवाय पॉवर देऊ नका, मधल्या दाबात कॉइलभोवती जांभळा डिस्चार्ज पेटतो.