वडे-सागोती घरी करताना: तुमच्याकडचे अनुभव लिहा

आषाढ संपत आला की सिंधुदुर्गात मांसाहारी घरांत वड्याचं दळण निघतं. श्रावण लागण्याआधी एकदा तरी वडे-सागोती, म्हणजे तळलेले वडे आणि कोंबडीचा रस्सा, व्हायलाच हवी. हॉटेलांत 'कोंबडी-वडे' सगळीकडे मिळतात, पण वड्याच्या नावाने बहुतेकदा तांदळाच्या पिठाची जाड पुरीच ताटात येते. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून विचारतो आहे: दळणाचं प्रमाण काय, डाळी भाजता की नाही, वड्याला भोक पाडता का, कोंबडी कुठली आणता?

सुरुवात माझ्यापासून. एक किलो जाडा तांदूळ धुऊन सावलीत वाळवतो. पाव किलो उडीद डाळ, त्याच्या निम्मी चणा डाळ, मूठभर ज्वारी, दोन चमचे धणे, चमचाभर मेथी, थोडी बडीशेप. डाळी आणि मसाला कोमट भाजायचा, रंग बदलू द्यायचा नाही. गिरणीवाल्याला आमची आजी बजावायची, "पीठ रवाळ होया, बारीक नको." पीठ कढत पाण्यानेच भिजवायचं. तांदळाला गव्हासारखा चिकटपणा नाही; कढत पाण्याने त्यातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. गार पाण्याने भिजवलं की थापताना कडा फाटतात.

कुडाळची, सध्या डोंबिवलीत
आमच्याकडे मळलेल्या पिठाच्या गोळ्यात खड्डा करून कांद्याची फोड ठेवतात, तिच्यावर लाल निखारा आणि वर घट्ट झाकण. तीन-चार तासांत पीठ हलकं होतं आणि वड्याला धुराचा मंद वास येतो. डोंबिवलीत निखारा कुठला? नारळाच्या करवंटीचा तुकडा गॅसवर पेटवते. भोक पाडत नाही, मला टम्म फुगलेला वडाच हवा. सासरी मात्र भोकाचेच करतात. ते फुगत नाहीत, पण मधला भाग कच्चा राहत नाही आणि दुसऱ्या दिवशीही छान लागतात. आता पाहुण्यांसाठी भोकाचे आणि घरच्यांसाठी फुगलेले, असे दोन्ही करते.

वेंगुर्ल्याच्या बाजूचा
मी राखणीतलं सांगतो. राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा दिला की तिथेच चूल मांडून पुरुष मंडळी रांधतात. गावठी कोंबडा, पिसं काढून जाळावर भाजलेला. त्याला घाई चालत नाही. आधी आलं-लसूण-कोथिंबीर-मिरचीचं हिरवं वाटप, हळद आणि मीठ चोळून ठेवायचं. मग कांद्यावर परतून ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. ते तापलं की तेच आत घालायचं, गार पाणी कधीच नाही. मांस हाडापासून सुटायला लागलं की मगच भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप आणि मालवणी मसाला. वाटप आधी घातलं तर तळाला लागतं आणि सगळा रस्सा करपट होतो. ब्रॉयलरला यातला निम्माही वेळ लागत नाही. पण रश्शाला जी दाट, हाडांची चव हवी ती त्यात उतरत नाही, हे माझं ठाम मत.

पेडणे, गोवा
रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी दुसरी मिरची, एवढं जपा. ब्याडगी रंग देते, जाळत नाही. बाकी वरच्यांशी सहमत.

न्यू जर्सी
इथे गिरणी नाही. तांदूळ-डाळी मिक्सरमध्ये थोड्या थोड्या दळते. फार गरम होऊ दिलं नाही तर रवाळ पीठ छान जमतं. थंडीत मळलेलं पीठ ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवते, तेवढी ऊब पुरते. गावठीची उणीव अंडी देऊन झालेल्या म्हाताऱ्या कोंबडीने बरीच भरून निघते. ती हलाल दुकानात सांगून ठेवावी लागते. कुकरशिवाय शिजत नाही, पण रस्सा असा होतो की मुलं वडे बाजूला ठेवून वाटीने पितात. सोलकढीसाठी आमसुलं मात्र गावाहूनच येतात.

रत्नागिरीची
गौरीच्या तिखट नैवेद्याला आमच्याकडे हेच असतं. माझा प्रश्न: वडे तेल फार पितात, काय करू?

धागाकर्ता
पीठ सैल असेल किंवा तेल पुरेसं तापलेलं नसेल. पिठाचा कण टाकून बघा, लगेच वर यायला हवा. केळीच्या पानाला तेलाचा हात लावून थापा. पुरीपेक्षा जाड, पण कडा मधल्या भागाइतक्याच. एका वेळी दोन-तीनच सोडा, कढई भरली की तेल निवतं. वडा वर आला की झाऱ्याने त्यावर तेल उडवत राहा. आणि पिठात उडीद किती घालता तेही लिहा, त्यावर पुढचं सांगता येईल.