चेनसॉ (लाकूड कापायची साखळीची मशीन-करवत) उसळतो तो टोकामुळे
चेनसॉ चालवताना हेल्मेट, गॉगल घाला म्हणतात ते बरोबरच, पण मशीन अचानक का उसळतं असं कुणी विचारलं तर त्याचं मूळ, चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकात आहे, टोकाचा वरचा भाग कशाला नुसता टेकला तरी अख्खं मशीन क्षणात तोंडाकडे येतं. २०२० च्या निसर्ग वादळानंतर वाडीत आडवा झालेला फणस कापताना मला मागची फांदी दिसलीच नाही, टोक तिला टेकलं न् मशीन उसळलं, पुढचं हँडल डाव्या अंगठ्याने वेढून घट्ट धरलेलं म्हणून मनगट ब्रेकच्या दांडीवर आपटलं न् चेन थांबली, नायतर कल्याणच होतं! आणि भुसा चुऱ्याऐवजी पिठासारखा पडायला लागला की जोर लावू नका, चेन बोथट झालीय, आधी कानस मारा. शिडीवर चढून तर अजिबात नको राव.