धरणातल्या शर्यतीत दुसऱ्याच्या पायामागं पोहणं: डावपेच की फुकटचा फायदा?

सांडव्यावरचा
आमच्या तालुक्यातल्या धरणावर नुकतीच तीन किलोमीटरची शर्यत झाली. जो पोरगा पहिला आला तो सुरुवातीपासून आमच्या गावच्या पोराच्या पायाला चिकटून होता. वारा समोरून, लाटा समोरून, सगळं पाणी आमचा पोरगा कापून राहिला आणि हे साहेब मागून आरामात. शेवटच्या बोयानंतर (बोया म्हणजे वळायची तरंगती खूण) बाजूला निघाले, जोर लावला आणि बक्षीस घेऊन गेले.

बक्षिसाचं दुःख नाही. (थोडं आहे.) पण गावपातळीच्या शर्यतीत या ड्राफ्टिंगवर बंदी पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्याच्या पायाशी पोहणाऱ्याला पाण्याचा विरोध कमी लागतो, दम वाचतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मागचा मान वर काढून दिशा बघतच नाही. आपलं पाणी गढूळ, हात लांब केला की बोटं दिसत नाहीत. पुढचा चुकला की रांगच्या रांग बाभळीच्या खुंटांत. दोन शरीरांइतकं अंतर सक्तीचं करा.

बोयाच्या आतून
भाऊ, राग समजतो, पण नियम तुमच्या बाजूनं नाही. खुल्या पाण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत पोहणाऱ्याच्या मागं पोहायला मनाई नाही. मनाई आहे ती सोबतच्या होडीच्या आडोशाला पोहायला. ट्रायथलॉनमध्येसुद्धा (पोहणं, सायकल, धावणं एकापाठोपाठ) लांब अंतराच्या शर्यतीत सायकलच्या मागं सायकल लावली की दंड, पोहताना मात्र चालतं.

2008 ला बीजिंगमध्ये 10 किलोमीटर पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा काय झालं? ब्रिटनचा डेव्हिड डेव्हिस पुढं राहून ओढत राहिला, नेदरलँड्सचा मार्टेन व्हॅन डर वायडेन दम राखून मागं राहिला आणि शेवटी सुवर्ण घेऊन गेला. त्याआधी रक्ताच्या कर्करोगातून उठलेला माणूस. त्याला कोणी फुकट्या म्हटलं नाही. तुमच्या पोरानं वेग कमी करून त्याला पुढं जायला लावायचं होतं. तेही शिकावं लागते.

सांडव्यावरचा
बीजिंगची शर्यत रोइंगसाठी बांधलेल्या तलावात झाली होती. आपली होते बुडीत क्षेत्रात, जिथं खाली वावरं आहेत, धुरे आहेत, विहिरी आहेत. तिथला नियम इथं जसाच्या तसा कसा लावता?

डोंगेवाला
मी पोहणारा नाही, मासोळीवाला आहो. शर्यतीच्या दिवशी आमचे डोंगे लावतात म्हणून बोलतो. खुंटाचं म्हणाल त हे दादा बरोबर बोलून रायले. रब्बीले कालव्यात पाणी सुटलं का धरण उतरते. दिवाळीले जे खुंट डोक्याखाली होतं ते जानेवारीत हातभर पाण्याखाली येते. वरून दिसत नाही. बोये मात्र मागच्या वर्षीच्याच जागेवर टाकतात, आमाले कोणी इचारत नाही.

त्याच्याहून खराब तंगूस. बारीक जाळं, पाण्यात दिसतच नाही. पाय अडकला का पोरगं झटके मारते आणि जाळं अजून गुंडाळते. पाय मारू नका, उताणे व्हा, हात वर करा, डोंगा येते. आता पाचजण एकामागं एक येऊन रायले आणि पयला अडकला, त मागचे त्याच्या अंगावर. पण एकटं पोरगं कोपऱ्यात अडकलं त डोंग्यावरून दिसत नाही, हेही खरं आहे. मंग काय करता?

निळी टोपी
डोंगेवाले काका, शर्यतीच्या बैठकीत पहिली खुर्ची तुम्हाला पाहिजे.

मी ड्राफ्टिंगच्या बाजूनं आहे, पण ज्यांच्या मागं पोहतात त्यांच्याकडून सांगते. पायाला एकदा बोट लागलं तर समजू शकते. गर्दीत होतंच. दर हाताला तळव्यावर टकटक चालू राहिली की चीड येते आणि माझी लय तुटते. घोट्याला धरून मागं खेचणं हा तर सरळ फाऊल आहे. आमच्याकडं मुलामुलींना एकाच शिट्टीवर सोडतात. पहिल्या बोयाला वळताना बारा-तेरा वर्षांच्या पोरी मोठ्या पोरांच्या कोपरांखाली सापडतात, चष्मा निघून जातो आणि काठावर ऐकायला मिळतं, "एवढं तं होतेच."

मागं राहायचं असेल तर थोडं कडेला, पुढच्याच्या कंबरेजवळ राहा. तिथंही फायदा मिळतो, श्वास घेताना पुढचा तुम्हाला पाहू शकतो आणि पायाला हात लागत नाही. आणि गर्दीत असताना बेडकासारखी लाथ मारू नका, मागच्याचे दात जातात.

बंदी नको, कार्ड द्या. पहिल्यांदा पिवळं, दुसऱ्यांदा लाल आणि बाहेर. रिओला 2016 मध्ये फ्रान्सची ऑरेली म्युलर दुसरी आली होती. शेवटचा हात लावताना इटलीच्या रॅकेले ब्रुनीला अडवलं म्हणून तिला बाद केलं आणि रौप्य ब्रुनीला गेलं. मागं पोहण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, अडवण्याबद्दल होती.

सांडव्यावरचा
कार्ड दाखवणार कोण ताई? शंभर पोरं आणि पंच दोन डोंग्यांवर. त्यातला एक मोबाईलवर व्हिडिओ काढत असतो.

निळी टोपी
मग तुमचं दोन शरीरांचं अंतर मोजणार कोण? तोच व्हिडिओवाला?

गणिताचा मास्तर
दोन शरीरांच्या अंतरावर माझा आक्षेप वेगळा आहे. शंभरजणांना सुटं केलं की रांग लांबते. डोंगे तेवढेच. प्रत्येक डोंग्याला जास्त पाणी बघावं लागते. 2010 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत फुजैराला 10 किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकेच्या फ्रॅन क्रिपेनचा जीव गेला. पाणी फार गरम होतं. तो काठावर आला नाही हे सोबतच्या पोहणाऱ्यांच्या ध्यानात आलं, तोवर उशीर झाला होता. त्यानंतर पाण्याच्या तापमानाला 31 अंशांची वरची मर्यादा आली. खालची 16 आहे. आपल्याकडं उन्हाळ्याच्या सुट्ट्या म्हणून मे महिन्यात भर दुपारी शर्यती ठेवतात, थर्मामीटर कोणी बुडवत नाही. त्यावर कोणी धागा काढत नाही, सगळे पायामागच्या पोरावर तुटून पडले.

बोयाच्या आतून
मास्तर, हेच म्हणत होतो. घोळक्यात असलेला माणूस कोणाच्या तरी नजरेत असतो.

सांडव्यावरचा
नजरेत? मागच्याचं तोंड पाण्यात, समोर बुडबुडे आणि दोन टाचा. पुढचा बुडाला तर त्याला एवढंच कळणार की टाचा थांबल्या. घोळक्यात सुरक्षा आहे हे मान्य करायला मी तयार आहे, पण प्रत्येकानं दर सात-आठ हातांनी मान वर काढली तरच. ते करा, मग मागं पोहा. नाही तर माझी बंदी कायम.

निळी टोपी
हे मंजूर. आता मुलींची शिट्टी पाच मिनिटं आधी लावा, मीही तुमच्या अर्जावर सही करते.

डोंगेवाला
अर्जात जाळ्याचंही लिवा. शर्यतीच्या आदल्या सांजेले आमच्या मासोळीवाल्यांच्या सोसायटीत सांगतलं त आमी जाळे काढून घेतो, त्याले पैसे लागत नाही. आणि बोये टाकाले मले सोबत न्या. कोणतं झाड कुठं बुडालं ते मले माहीत आहे, आमचंच वावर होतं तिथं.

बोयाच्या आतून
अर्ज कोणाच्या नावानं करायचा तेवढं सांगा. मागच्या वेळी आयोजक म्हणाले धरण आमचं नाही, आणि धरणवाले म्हणाले शर्यत आमची नाही.