गुलाबावर काळे ठिपके, नीमतेलाने थांबेना

प्रश्न:
पुण्यात गच्चीवर बारा इंची कुंड्यांत सहा कलमी गुलाब आहेत. पाऊस लागल्यापासून खालच्या पानांना काळे ठिपके, भोवती पिवळं, हात लावला की पान गळतं. दर आठवड्याला नीमतेल फवारतो. बुरशीनाशक कोणतं, किती घ्यावं?

उत्तर १:
ठिपक्याची कड नीट बघा. झालरीसारखी फिसकटलेली असेल तर ब्लॅक स्पॉटच. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की ही बुरशी आत शिरते, म्हणून पावसात तिचं फावतं. नीमतेल इथे पुरं पडत नाही, पावसाने धुऊनही जातं.

आधी ठिपकेवाली आणि कुंडीत गळलेली सगळी पानं वेचून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. मग मँकोझेब ७५ टक्के, लिटरला २ ग्रॅम, सोबत थोडं स्टिकर (औषध पानाला चिकटून राहावं म्हणून मिसळायचं द्रावण). चमच्याने नाही, वजनकाट्यावर मोजा. पानांच्या खालच्या बाजूला फवारा पोचलाच पाहिजे. उघडीप बघून ७ ते १० दिवसांनी पुन्हा. हे औषध वरवर राहून नवं पान राखतं, डाग पडलेलं पान बरं करत नाही. त्यामुळे गुण आला का, ते नव्या पालवीवर बघा. आणि फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला अजिबात घेऊ नका.

उत्तर २:
तिसऱ्या फवारणीला हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, लिटरला १ मिली घ्या. एकच औषध सारखं मारू नये. कुंड्यांत हातभर अंतर ठेवा, पाणी सकाळी आणि बुंध्याशी.

थंडीत पांढरी भुरी (पानांवर पिठासारखी बुरशी) आली तर पाण्यात विरघळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम. मात्र नीमतेलानंतर दोन आठवडे गंधक नको आणि कडक उन्हात तर नकोच, पानं करपतात.

प्रश्नकर्ता:
फांद्या उघड्याच पडल्यात, तर आत्ताच छाटून टाकू का?

उत्तर १:
नको. ओल्या हवेत काप उघडा राहिला की शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली वाळत येते. सध्या फक्त वाळलेलं काढा. मोठी छाटणी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, आणि प्रत्येक कापावर बोर्डोपेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीरोधक लेप. सहा झाडांना १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १० ग्रॅम चुना पुरे. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत ५०-५० मिली पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा.