निवृत्तीनंतरच्या एका दिवसाच्या सहली : परतीपासून मागे मोजत

साठीनंतर सहलीचा हिशेब उलट्या टोकाने मांडावा. किती वाजता निघायचे हा प्रश्न नंतरचा, दिवेलागणीच्या आत घरी पोचायचे हा पहिला. सहाला घरी यायचे आणि प्रवास दोन तासांचा, म्हणजे ठिकाण सोडायचे चारला. सकाळी आठला निघून दहाला पोचलो तर हातात सहा तास राहतात. जेवणाचा दीड तास, जेवणानंतरच्या टेकण्याचा एक तास आणि चहापाणी-स्वच्छतागृहाचा अर्धा तास वजा केला की पाहायला उरतात तीन तास. तीन तासांत एकच ठिकाण नीट होते. एकेरी प्रवास दोन तासांच्या वर गेला तर हे तीन तासही राहत नाहीत, मग सरळ मुक्काम करावा. ज्यांना या फिरण्याची सवय आहे त्यांनी आपापल्या भागातले बारकावे इथे लिहावेत: गाडी, पायऱ्या, वेळा, खाणे, औषधे. "खूप मजा आली" एवढेच नको, दुसऱ्याला उपयोगी पडेल असे लिहा, आणि वर आपले गाव घाला.

कोथरूड, पुणे

एसटीपासून सुरुवात करते. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या बायकांनाही अर्धे. तीन गोष्टींवरून बसमध्ये वाद होतात. एक, वय दाखवणारे मूळ ओळखपत्र जवळ नसते, झेरॉक्सवर वाहक मानत नाहीत. दोन, मोफत असले तरी शून्य रकमेचे तिकीट घ्यावेच लागते, तपासनीस आला की तेच दाखवायचे. तीन, ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते. पणजीच्या गाडीत बसलात तर हद्दीपुढचे भाडे पडते. शहर बसला या योजना लागू नाहीत.

आता ठिकाण. पुण्याहून एका दिवसासाठी मला भुलेश्वर सर्वांत पटते. सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत यायचे आणि तिथून उजवीकडे डोंगरावर चढायचे. गाडी देवळाच्या अगदी जवळ जाते, त्यामुळे पायऱ्या मोजक्याच. यादवकाळातले कोरीव काम आहे आणि स्त्रीरूपातला गणपतीही इथे पाहायला मिळतो. मात्र आतल्या प्रदक्षिणामार्गात अंधार असतो आणि फरशी उंचसखल आहे. प्रत्येकाकडे स्वतःचा टॉर्च हवा. एकाच्या मोबाईलच्या उजेडात चौघे चालले की चौथा ठेचकाळतो. टॉर्च मूर्तीवर समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा. सावली पडली की दागिन्यांची घडण, बोटांची ठेवण उठून दिसते. समोरून मारलेल्या उजेडात सगळे सपाट होऊन जाते.

अलिबाग

कुलाबा किल्ल्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बाहेरून येणारे इथेच चुकतात. किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण ओहोटी कधी हे किनाऱ्यावर आल्यावर विचारतात.

आमच्याकडचा जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. उत्तर येईल ती भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक किंवा फोन पाहून नक्की करावे. पण महिनाभर आधी तारीख ठरवायला कालनिर्णय पुरते.

खरी मेख पुढे आहे. बाहेरचे लोक हिशेब करून अष्टमी निवडतात, कारण त्या दिवशी ओहोटी भर दुपारी बाराला येते आणि ते सोयीचे वाटते. पण अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. भरती फार चढत नाही आणि ओहोटीही पुरती उतरत नाही. वाटेत पाणी राहते आणि त्याखालचा शेवाळलेला खडक दिसत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी खूप मागे जाते, पण ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी. दोन्ही साधायचे तर तृतीया ते पंचमी हे दिवस घ्या. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान पडते. ओहोटीच्या तासभर आधी चालू लागा आणि ओहोटी उलटल्यावर तासाभरात परत किनाऱ्यावर या. "अजून पाणी लांब आहे" यावर विसंबू नका, वाटेतला सखल भाग आधी भरतो.

पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत, अनवाणी नको आणि सपाताही नको. चालणे जमत नसेल तर किनाऱ्यावर घोडागाडी मिळते. आत गणपतीचे देऊळ आहे आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, तिच्या काठी दहा मिनिटे बसाच.

मुंबईकरांनी गेटवेहून मांडव्याची लाँच घ्यावी. बहुतेक लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाड्या वाहणाऱ्या रो-रो बोटीनेही येता येते. तिचा गुडघ्यांना फायदा असा की मोठ्या बोटीत चढ-उतार सोपी.

डोंबिवली

अलिबागकरांच्या हिशेबाचा घारापुरीलाही (एलिफंटा लेणी) उपयोग आहे. ओहोटीला गेटवेच्या धक्क्यावर बोट खाली जाते आणि पाण्याखालून उघड्या पडलेल्या पायऱ्या निसरड्या असतात. भरतीच्या बाजूची वेळ गाठली की चढणे सोपे. बोटीला साधारण तास लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे आणि पुढे सुमारे १२० पायऱ्या. चढवत नसेल त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, दर बसण्याआधी ठरवून घ्यावा, जाऊन-येऊन असे स्पष्ट म्हणून.

सुट्टीचे वार कागदावर लिहून फ्रिजवर लावा. घारापुरी, कान्हेरी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. अजिंठाही सोमवारी. वेरूळ मंगळवारी. राणीची बाग आणि तिथलेच भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. आपण गर्दी टाळायला आठवड्यातला मधला वार धरतो आणि नेमके दार बंद सापडते. माझ्या मते गुरुवार सगळ्यात बिनधोक.

लोकलने जाताना अकरानंतर निघा, चारच्या आत परतीची गाडी धरा. भायखळ्याला उतरून राणीची बाग आणि संग्रहालय एवढाच बेत केला तर तो या वेळात आरामात बसतो. बागेची सावली, बसायला बाकडी, जवळ स्वच्छतागृह, चढ नाही. पहिली सहल करणाऱ्यांना मी हीच सुचवेन.

सातारा

गुडघ्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. जवळजवळ सगळेजण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि सगळा भार त्याच गुडघ्यावर झुकतो. काठीची उंची अशी हवी की चपला घालून ताठ उभे राहून हात सैल सोडला तर मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. खालची रबरी टोपी उलटी करून बघा. तिच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील तर ती ओल्या काळ्या दगडावर साबणासारखी सरकते. नवी टोपी औषधांच्या दुकानात मिळते. काठी सोबत न्या, नेमके माप लागते.

पायऱ्या मोजताना चढण्याचा विचार करतात, पण गुडघा दुखतो तो उतरताना. त्यामुळे वर पोचल्यावर "जमले की" म्हणून आणखी पुढचे टोक गाठू नये. निम्मी ताकद वर शिल्लक ठेवावी.

बारामती

भिगवणच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी डिसेंबरच्या सुट्टीत झुंबड उडते, पण त्यांना उथळ पाणी आणि उघडा गाळ लागतो. पाऊस चांगला झाला असेल तर उजनी धरण भरलेले राहते आणि पक्षी उशिरा उतरतात. जानेवारीचा शेवट ते मार्च हा काळ जास्त खात्रीचा. बोटी कुंभारगाव आणि डिकसळकडून सुटतात. निघण्याआधी नावाड्याला फोन करून पक्षी आहेत का आणि किनाऱ्यापासून किती लांब, दोन्ही विचारा. नाव लहान असते, चढायची जागा चिखलाची. आधी बसा आणि मग पाय आत घ्या, उभ्याने आत उडी नको. नावाड्याला सूर्य पाठीशी ठेवायला सांगा, नाहीतर गुलाबी पंख काळे दिसतात. पुण्याहून शंभरेक किलोमीटर आहे आणि पक्षी सकाळचे पाहायचे, म्हणून आदल्या रात्री मुक्कामच करावा. दुपारी भिगवणला चिलापी माशाचे जेवण.

छत्रपती संभाजीनगर

अजिंठ्यासाठी एकच पण महत्त्वाची सूचना. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर साधा चष्मा जवळ ठेवा. बाहेरच्या उन्हातून लेण्यात शिरल्यावर ती काच निवळायला काही मिनिटे लागतात, उतारवयात डोळेही अंधाराला सावकाश सरावतात, आणि तेवढ्यात गट पुढे सरकतो. चित्रे पाहायची तर १, २, १६ आणि १७ ही लेणी धरा, आणि महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसाठी २६. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, वाकून पट्टे सोडायला लागणार नाहीत अशा घाला. खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावर थांबतात, पुढचे चार किलोमीटर बसने. म्हणजे परतीच्या वेळेत बसची रांगही धरायची.

वेरूळ आणि अजिंठा एका दिवसात करू नका. एक शहरापासून तीस किलोमीटरवर, दुसरे शंभरवर, तेही वेगळ्या दिशेला.

नागपूर

मधुमेहींसाठी. साखर उतरली की घाम, थरथर, चिडचिड सुरू होते. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी तपासायचे, तरीही कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा, चॉकलेट यावर भागवू नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात हळू चढते. साखरेची पुडी खिशात हवी, डिकीतल्या पिशवीत नव्हे. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटूनही नको. गोठले की ते टाकून द्यावे लागते. लघवीची गोळी चालू असेल तर सहलीच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका, आणि लघवीला जावे लागेल म्हणून पाणी तोडू नका.

कोल्हापूर

बरोबर न्यायला दशम्या. दोन वाट्या कणकेला पाऊण वाटीच्या आसपास दूध लागते, चमचाभर तेल, मीठ. पाण्याचा थेंब नको. सात-आठ होतात, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, कवळी असलेल्यांनाही चावता येतात. सोबत तिळाची किंवा दाण्याची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते.

ठाणे

मुक्कामाच्या प्रवासाबद्दल थोडे. रेल्वेची ज्येष्ठ सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका. मात्र खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष ६०, बायका ४५ पासून. तो एकट्याला किंवा एका तिकिटावर दोघांनाच मिळतो, आणि दोघेही वयात बसायला हवेत. चार मित्रांनी एकत्र तिकीट काढले की कोटा हुकतो आणि दोघांना वर चढावे लागते. दोन-दोनची दोन तिकिटे काढा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. परतीचा प्रवास पाच दिवसांनी असेल तर जायचे तिकीट पहिल्या दिवशी काढल्यावर परतीचे पाच दिवसांनी उघडेल, त्या सकाळचा गजर लावून ठेवा.

खर्चासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला जमा होते. मोठे आरक्षण त्याच्या पाठोपाठ ठेवले की मुदत ठेव मोडावी लागत नाही.

कोथरूड, पुणे

ठाणेकरांच्या यादीत एक राहिले. हवा उत्तम म्हणून आपण नोव्हेंबरात निघतो आणि हयातीचा दाखला त्याच महिन्यात द्यायचा असतो. केंद्राच्या पेन्शनधारकांना वय ८० झाल्यावर तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएसवाल्यांचा (भविष्य निर्वाह निधीची पेन्शन घेणाऱ्यांचा) दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, फोनवर चेहरा दाखवूनही होते. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा ओळखत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बुबुळ जुळत नाही म्हणून अडलेल्यांनीही हा मार्ग करून पाहावा. पावतीवरचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, मगच बॅग भरायला घ्या.